मदतनीस कोणाशेजारी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिसरीचा वर्ग, चाळीस मुलं. एका मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निदान झालेलं आहे. दुसरा अजून अक्षरं जोडून वाचत नाही. तिसरा जागेवर बसत नाही, मध्येच उठून वर्गाबाहेर पळतो. शाळा या तिघांसाठी मिळून एक मदतनीस देणार आहे. तिला कोणाशेजारी बसवायचं, आणि खास प्रशिक्षण नसताना तुम्ही स्वतः काय करायचं?

पहिल्या भागाचं उत्तर आधी देते. कोणाशेजारीच नाही. मदतनिसाकडे वर्ग द्या आणि त्या मुलांशेजारी तुम्ही बसा.

मी विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं सर्वसाधारण प्राथमिक शाळांमध्ये वर्गशिक्षकांच्या जोडीने काम करते, आणि सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात. वारंवार दिसणारं चित्र असं असतं. मागच्या बाकावर मूल, त्याला खेटून मदतनीस. बाई वर्गाला शिकवताहेत आणि मदतनीस तेच सगळं हळू आवाजात मुलाच्या कानाशी पुन्हा सांगते आहे. काही दिवसांत मूल फळ्याकडे बघणंच सोडून देतं, कारण जे काही असेल ते कानात येणारच असतं. बाईंचंही त्या कोपऱ्याकडे बघणं कमी होतं. शेजारची मुलं त्याच्याशी बोलायला जात नाहीत, कारण मध्ये एक मोठं माणूस बसलेलं असतं. वही मात्र पूर्ण! सगळी उत्तरं बरोबर. घरचे खूश, शाळा खूश. त्याच पानावरचा एक प्रश्न त्या मुलाला एकट्याला देऊन बघा, म्हणजे वही कोणाची होती ते कळतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मदतनिसांवर मोठा अभ्यास केला. त्यात सुमारे ८,२०० विद्यार्थ्यांची प्रगती तपासली होती. ज्यांना मदतनिसाचा आधार जास्त मिळत होता, त्यांची प्रगती तशाच पण कमी आधार मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी निघाली. ज्यांना जास्त अडचणी त्यांनाच जास्त मदत, म्हणून असं दिसलं असेल, ही शंका लगेच येते. पण मुलांची आधीची पातळी आणि त्यांच्या विशेष गरजा हिशेबात धरूनही फरक उरलाच. यात मदतनिसांचा दोष नव्हता. आज काय शिकवणार हे त्यांना आधी कोणी सांगत नसे, शिक्षकांशी बोलायला वेळ राखून ठेवलेला नसे, आणि सगळा भर हातातलं काम उरकण्यावर. ज्यांना शिकवणं सर्वांत कठीण ती मुलं सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या हवाली, असा तो उलटा कारभार होता. माझ्या पाहण्यात तो अजूनही बऱ्याच ठिकाणी तसाच आहे.

मदतनीस नकोच असं मात्र मुळीच नाही. तिला ठरलेला, पायरीपायरीने जाणारा कार्यक्रम शिकवला आणि तीन-चार मुलांचा गट घेऊन आठवड्यातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा तास, असं दोन-तीन महिने नेमाने करू दिलं, तर चांगला फायदा होतो. म्हणजे दिवसभर एकाला चिकटून राहण्याऐवजी ठरावीक वेळी ठरावीक काम. उरलेल्या वेळात मुलं स्वाध्याय सोडवत असताना तिने वर्गात फिरायचं, वह्या बघायच्या, छोट्या शंका सोडवायच्या. तेवढ्यात तुम्हाला दहा मिनिटं मिळतात. ती न वाचणाऱ्या मुलाची. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाची सलग दहा मिनिटं ही चैन आहे, आणि ती आजवर नेमकी या मुलांनाच मिळालेली नसते.

तिच्याशी रोज सकाळी पाच मिनिटं बोला. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून द्या: आजच्या धड्यातून या मुलांच्या पदरात नेमकं काय पडायला हवं, कोणते तीन-चार शब्द अवघड जातील, आणि कोणती मदत करायची नाही. ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. मूल अडलं की पहिल्यांदा काहीच बोलायचं नाही, थांबायचं. मग "आता पुढे काय?" एवढंच विचारायचं. मग एखादा इशारा: "काल आपण असंच एक केलं होतं, त्यात पहिल्यांदा काय केलं होतं?" तरी जमेना, तर दुसरं तसंच उदाहरण करून दाखवायचं. उत्तर सांगणं ही अगदी शेवटची पायरी. बहुतेक मोठी माणसं सुरुवातच तिथून करतात, कारण शांतता त्यांनाच सोसवत नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. ज्या मुलाला ऐकलेलं समजून घ्यायलाच वेळ लागतो, त्याला याहूनही जास्त लागतील. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पहिला आठवडा फार अवघडल्यासारखं होतं.

आता एकेका मुलाकडे येते. न वाचणाऱ्या मुलावर सविस्तर लिहिते, कारण तिथे तुमच्या हातात सर्वांत जास्त आहे.

सगळ्यात आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. हे इतकं साधं आहे की सगळे विसरतात. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठून राहणं लहान मुलांत फार आढळतं, आणि त्यात ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. या आठवड्यात नीट ऐकणारं मूल पुढच्या आठवड्यात अर्धवट ऐकतं, आणि आपण म्हणतो, "मनात असलं की बरोबर ऐकू येतं याला."

मग तो कुठे अडतो ते शोधा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक सोपी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उकलणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. म्हणून आधी पाहायचं की गाडं कोणत्या बाजूला अडलंय. त्याला एक उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. धडाधड उत्तरं दिली, तर भाषा ठीक आहे, अडचण उकलण्यात आहे. मग अर्थ नसलेले शब्द लिहून द्या: मकुटा, रेपिणी, चिलोस, दुभेगा. ओळखीचे शब्द मुलं चित्रावरून, पहिल्या अक्षरावरून अंदाजाने ठोकून देतात. धडा तोंडपाठ असेल तर त्यावर बोट फिरवत खणखणीत आवाजात 'वाचतात' सुद्धा. 'रेपिणी'चा अंदाज बांधता येत नाही. तिथे तो 'रपणी' म्हणाला तर व्यंजनं येतात पण काही स्वरचिन्हं सुटतात, असं कळलं. 'रेमिणी' म्हणाला तर प-म पक्कं नाही. या पाच मिनिटांतून मिळणारी माहिती सहामाही परीक्षेच्या पेपरातून मिळत नाही.

आपल्या लिपीचे काही खास खाचखळगे आहेत, ते लक्षात ठेवा. 'दिवस' मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडाने नंतर येते. 'वर्ग' मध्ये र चा उच्चार ग च्या आधी होतो, पण रफार बसतो ग च्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे सरळ उच्चारत जाणाऱ्या मुलाची इथे फसगत होणारच, त्यात त्याचा आळस शोधू नका. भ-म, घ-ध, ब-व, थ-य या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं. शिवाय अक्षरं, त्यांवरची स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं मिळून शिकायची चिन्हं शेकड्यांत जातात. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात हे अक्षरज्ञान चौथीपर्यंत पक्कं होत राहतं असं दिसलं होतं, आणि आपली लिपी त्याच घडणीची आहे. तेव्हा तिसरीतलं मूल जोडाक्षरांवर अडखळतं म्हणून घाबरू नका. साध्या, स्वरचिन्ह असलेल्या दोन अक्षरी शब्दावर अडत असेल, तर मात्र वाट बघत बसू नका.

उपाय कंटाळवाणा आहे. रोज दहा मिनिटं, चार-पाच अक्षरं, त्यांचीच स्वरचिन्हं, त्यांचेच शब्द, तेच शब्द असलेली वाक्यं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, सगळं त्याच अक्षरांचं. काल आलेलं आज पुन्हा, आठवड्याने पुन्हा. रंगीत काचांचे चष्मे, तोल सांभाळण्याचे व्यायाम, मेंदूचे दोन भाग जोडणारे खेळ अशा गोष्टी कोणी ना कोणी सुचवील. त्यांनी वाचन सुधारतं याला भरवशाचा पुरावा नाही. तेच 'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' या वर्गवारीचं. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अशी वाटणी करून शिकवल्याने फायदा होतो हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा सापडला नाही. तरी प्रशिक्षणांमध्ये हे अजून शिकवतात, याची मला गंमत वाटते. राग म्हटलं तरी चालेल.

वाचायला शिकेपर्यंत त्याचं बाकीचं शिक्षण थांबवू नका. विज्ञानाच्या तासाला त्याला वाचून दाखवा, तोंडी उत्तर घ्या. वाचनाच्या दहा मिनिटांसाठी त्याला चित्रकलेच्या किंवा खेळाच्या तासातून उचलू नका. दिवसातला तो एकच तास असतो जिथे तो कोणापेक्षा कमी नसतो.

एकदा त्याला फळ्यावरून लिहून घेताना नीट बघा. एका वाक्यासाठी किती वेळा मान वर होते ते मोजा. वर्गातली बरीच मुलं एका दमात दोन-तीन शब्द उचलतात. हा एक अक्षर बघतो, खाली येतो, लिहितो, वर जातो. फळ्यावरची जागा हरवते, ओळ शोधतो, वेलांटी राहते, परत वर. तोवर तुम्ही फळा पुसलेला असतो. याला आपण 'हळू लिहितो' असा शेरा देतो. त्याच्या बाकावर तोच मजकूर छापून किंवा लिहून ठेवला, किंवा गाळलेल्या जागांचा कागद दिला, तर सुटलेला सगळा वेळ विचार करायला मिळतो.

गणितातही तेच. समजा उदाहरण आहे: एका पेटीत २४ पेन्सिली, अशा ३ पेट्या, त्यातल्या १५ वाटल्या, किती उरल्या? आधी स्वतःला विचारा की यातून मला काय बघायचंय. आधी गुणाकार, मग वजाबाकी हे त्याला उमगतं का? मग उदाहरण वाचून दाखवा, मनात न मावलेला पाढा समोर ठेवा, आणि तो पायऱ्या कशा लावतो ते ऐका. गुणाकार येतो का हे बघायचं असेल, तर गोष्ट काढून टाका, २४ गुणिले ३ द्या. सगळ्यांना एकच उदाहरण, पण याच्यासाठी वाचनाची भिंत काढलेली. तिसरीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात देऊन कोपऱ्यात बसवणं ही सोय झाली आपली, त्याची नव्हे.

आता पळणारा मुलगा. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असेल का, असं तुम्ही विचारलंय. ते मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू नका. ते डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यांनाही घरी आणि शाळेत, दोन्हीकडे हीच लक्षणं दिसतात का ते पाहावं लागतं. पण त्याची जन्मतारीख जरूर बघा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रवेशासाठी वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के जास्त होती, मुलींमध्ये ७० टक्के जास्त. आठ वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे पुष्कळ झाले. कधीकधी आपण लहान मुलाला फक्त लहान असण्याची शिक्षा देत असतो.

निदान असो वा नसो, करायचं काम एकच. दोन आठवडे एका कागदावर तीन रकाने: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. मतं लिहायची नाहीत. 'मुद्दाम त्रास देतो' हे मत झालं. '११.२०, पाळीपाळीने मोठ्याने वाचन, तिसऱ्या रांगेची पाळी सुरू झाली, हा चौथ्या रांगेत, उठून दाराकडे गेला, मी ओरडले, तो बाहेर, वाचन संपल्यावर आत आला' ही नोंद. अशा नोंदी पाच-सहा झाल्या की कागद आपोआप बोलायला लागतो. असे मुलगे मी पाहिले आहेत जे रांगा मोजत बसतात. आपल्यापर्यंत यायला किती मुलं उरली याचा त्यांचा हिशेब पक्का असतो, आणि वेळ आली की लघवीला लागते, पेन्सिल हरवते, शेजाऱ्याशी भांडण होतं. बाई वर्गाबाहेर काढतात. त्याला तेच हवं होतं. शिक्षा म्हणून आपण जे देतो ते त्याचं बक्षीस ठरतं.

तुमच्या मुलाचं कारण हेच असेल असं नाही. पण हेच निघालं, तर त्याला पळण्याची गरज पडू नये अशी सोय करा. पाळीपाळीने वाचन बंद करा; ते तसंही फारसं कोणाच्या कामाचं नसतं, कारण बाकीची एकोणचाळीस मुलं त्या वेळात काहीच करत नसतात. त्याला उद्या वाचायच्या दोन ओळी आज द्या, मदतनिसाबरोबर तयारी करू द्या. "मला आत्ता नको" असं सांगायला एक कार्ड द्या, दिवसातून दोनदा वापरता येईल असं. कार्ड दाखवणं हे पळण्यापेक्षा सोपं आणि लवकर फळ देणारं असलं पाहिजे, नाहीतर तो ते वापरणार नाही.

हालचालीचं म्हणाल तर ती थांबवू नका, तिला काम द्या. वह्या वाटणं, फळा पुसणं, उभं राहून लिहिणं. काम छोट्या तुकड्यांत द्या: पाच गणितं एकदम नको, दोन करून मला दाखव. शाबासकी लगेच आणि नेमकी, "छान" नाही तर "दोन्ही गणितं न उठता केलीस". जागा पुढे, तुमच्या हाताच्या अंतरावर, दारापासून लांब, शांत मुलाशेजारी. एकट्याचं वेगळं बाक मात्र नको. आणि मधली सुट्टी कापू नका, कितीही राग आला तरी. ज्याला सर्वांत जास्त पळायला हवं त्याचीच पळायची वेळ काढून घेतल्यावर नंतरचे तास कसे जातात, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

ऑटिझम असलेल्या मुलाबद्दल तुम्ही 'फारसा त्रास नाही, आपल्याच नादात असतो' एवढंच लिहिलंय. त्रास तुम्हाला नाही, त्याला असू शकतो. चाळीस मुलांचा गोंगाट, अचानक वाजणारी घंटा, वेळापत्रकात न सांगता झालेला बदल, हे सगळं तो दिवसभर सोसतो आणि घरी गेल्यावर कोसळतो. घरच्यांना विचारा, शाळेतून आल्यावरचा पहिला तास कसा जातो. त्यांच्या उत्तरावरून तुमच्या वर्गाबद्दल बरंच कळेल.

त्याच्यासाठी सर्वांत उपयोगी गोष्ट फुकट आहे: दिवसाची पट्टी. त्याच्या बाकावर आजचे तास क्रमाने, चित्रं किंवा शब्द, झालेला तास काढून पाकिटात टाकायचा. दिसेल अशी रचना करून देण्याचं हे तंत्र एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९७० च्या दशकापासून रुजवलं आणि ते जगभर पसरलं, कारण ते चालतं. बोललेला शब्द हवेत विरतो, पट्टी समोर राहते. पीटीचा तास रद्द झाला, तर ते पट्टीवर आधी बदला, मग तोंडाने सांगा. घंटा वाजण्याच्या दोन मिनिटं आधी त्याला कल्पना द्या.

बोलताना आपली रोजची भाषा जरा तपासा. "पुस्तकात डोकं घाल", "हात चालव", "तोंडाला कुलूप" ही वाक्यं शब्दशः ऐकली तर काय होईल? एखादं मूल खरंच पुस्तकात कपाळ टेकवतं आणि वर्ग हसतो. सूचनाही सरळ आणि क्रमाने. "वह्या काढा, कालच्या पानाच्या पुढे तिसरा प्रश्न सोडवा, पण त्याआधी गृहपाठाच्या वह्या इकडे द्या, आणि हो, तारीख घालायला विसरू नका" या वाक्यात चार कामं आहेत आणि क्रम उलटा आहे. असं सांगा: "गृहपाठाच्या वह्या द्या." थांबा. "गणिताची वही काढा." थांबा. "तारीख घाला. तिसरा प्रश्न." याचा फायदा नुसत्या त्यालाच नाही, निम्म्या वर्गाला होतो. बोलताना "माझ्याकडे बघ" असा आग्रह धरू नका. काही मुलांना एका वेळी बघणं आणि ऐकणं दोन्ही जमत नाही, आणि आपल्याला ऐकणं हवं आहे. कधी त्याचा तोल सुटला, ओरडला, कान झाकून खाली बसला, तर त्या क्षणी समजावू नका. आवाज कमी, माणसं कमी, शब्द अगदी कमी. "का केलंस?" हा प्रश्न त्या दिवशी नकोच.

मधल्या सुट्टीत तो एकटा फिरत असेल. "जा, सगळ्यांबरोबर खेळ" ही सूचना त्याला काहीच सांगत नाही. नियम असलेला एखादा खेळ, दोन-तीन मुलं, ठरलेली जागा, एवढं जमवून द्या. जोडीदार मुलं आलटून-पालटून ठेवा. एकाच समजूतदार मुलीला वर्षभर त्याची पालक करून टाकू नका. तिचंही बालपण आहे. आणि त्याला एकटं राहायचंच असेल तर ती वीस मिनिटं त्याची आहेत.

तुमच्या यादीत नसलेल्या चौथ्या मुलाबद्दलही लिहायला हवं. बहुधा मुलगी असेल. गप्प बसते, मान डोलावते, शेजारणीची वही बघून काम करते, कधीच त्रास देत नाही. "समजलं का?" म्हटलं की "हो". तिला विचारा, "काय करायचंय ते मला सांग बरं", आणि ऐका. इंग्लंडमध्ये कोर्टनी नॉरबरी आणि सहकाऱ्यांनी शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांची तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. दुसरं कोणतंही कारण नसताना बोललेली भाषा समजण्यात किंवा वापरण्यात लक्षणीय अडचण असलेली मुलं साधारण सात टक्के निघाली. चाळीसच्या वर्गात दोन-तीन. ही अडचण दिसत नाही, कारण ती आवाज करत नाही. नवीन शब्द शिकवताना तो आधी म्हणवून घ्या, वापरून दाखवा, आठवडाभर पुन्हा पुन्हा वापरा. भाषा आणि वाचातज्ज्ञांकडे पाठवायच्या यादीत अशा मुलांचं नाव पहिलं असायला हवं, शेवटचं नव्हे.

बाकीचं भराभर. प्रत्येक मुलासाठी शिकण्याचा जो वैयक्तिक आराखडा कराल, त्यात तीनच उद्दिष्टं लिहा. 'वाचन सुधारेल' हे उद्दिष्ट नाही, शुभेच्छा आहे. 'सहा आठवड्यांत क, म, र, स, ल या अक्षरांचे स्वरचिन्हांसह वीस शब्द न अडखळता वाचेल' हे उद्दिष्ट. आणि प्रत्येक आधारापुढे तो कधी कमी करायचा ते त्याच दिवशी लिहा, नाहीतर आधाराची सवय होते, मुलाला आणि आपल्यालाही. परीक्षेत सवलत देताना अडचण बघून द्या. ज्याला वाचताच येत नाही त्याला अर्धा तास जास्त देणं म्हणजे अर्धा तास जास्त शिक्षा. त्याला प्रश्न वाचून दाखवणारं माणूस हवं. जादा वेळ ज्याला वाचता येतं पण हळू येतं त्याच्यासाठी.

आणि यातलं काहीही करायला प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. छापलेला कागद, दिवसाची पट्टी, पाच सेकंद थांबणं यांना कोणाची परवानगी लागत नाही. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून मान्य केलं होतं की शाळेने मुलाला सामावून घ्यायला स्वतःला बदलावं. मुख्याध्यापक "मग या मुलांना घेतलंय ना आपण" म्हणाले, तर हे त्यांच्या कानावर घाला. प्रवेश देणं ही फार तर सुरुवात.

पालकांशी बोलताना निदान उच्चारू नका, दिसलं तेवढं सांगा: "तो दोन अक्षरी शब्दावर थांबतो, ऐकून मात्र सगळं सांगतो. घरी कसं असतं?" आधी एक चांगली गोष्ट सांगा, आणि ती खरी असू द्या, शोधून काढलेली पालकांना लगेच कळते. इतर पालक तक्रार घेऊन येतील की या मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं. त्यांच्याशी दुसऱ्याच्या मुलाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही, निदान तर नाहीच. त्यांच्या मुलाची वही उघडा आणि त्याबद्दल बोला.

सोमवारपासून सगळं एकदम सुरू करू नका. तीन रकान्यांचा कागद आणि डोळे-कान तपासणीची चिठ्ठी, एवढ्याने सुरुवात करा. मदतनीस रुजू व्हायच्या आधी तिच्या वेळेचा तक्ता मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या, सकाळची पाच मिनिटं त्यात धरून. ती आत्ता मागितली नाहीत तर नंतर मिळत नाहीत. पळण्याच्या नोंदी आणि त्या चार अर्थ नसलेल्या शब्दांचं वाचन मला पाठवलंत, तर पुढचं त्यावरून ठरवू.